अपघात तिकडं झाला तरी क्लेम इकडं टाकता येतो

बीड-जालन्याचं माणूस ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडं गेलं अन् तिकडं ॲक्सिडेंट झाला की घरचे म्हणतात तारखेला एवढ्या लांब कोण जाणार, अन् क्लेम राहूनच जातो. तर ऐका, मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६ प्रमाणं आपण राहतो तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. पण २०१९ च्या दुरुस्तीनं ६ महिन्यांची मुदत घातलीय, त्यामुळं हाड जुळायची वाट बघत बसू नका. एफआयआर, पंचनाम्याची नक्कल, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची एक-एक पावती सांभाळा, मुकादमाकडून मजुरीचं लिहून घ्या. गाडीवाला घरी येऊन थोडक्यात मिटवू म्हणला तर वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरबी सही करू नका. गाडी पळून गेली असंल तरी गंभीर जखमीला सरकारी योजनेतून ५० हजार मिळतात.