एमआर फ्लुइड बनवताना या चुका टाळा

एमआर (मॅग्नेटोरिओलॉजिकल) फ्लुइड म्हणजे तेलात लोखंडाची बारीक पावडर मिसळून केलेलं, चुंबकाजवळ घट्ट होणारं मिश्रण. डँपरच्या (धक्के शोषणाऱ्या सिलिंडरच्या) प्रोजेक्टसाठी बनवलेलं हे फ्लुइड चुंबकाजवळ नेऊनही नीट घट्ट होत नाही, तेव्हा मुलं आधी चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलवर संशय घेतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: लोखंड किती घातलं? ‘निम्मं-निम्मं, वजनाने’ हे उत्तर आलं की दोष तिथेच सापडतो. लोखंडाची घनता मिलिलिटरला ७.८६ ग्रॅम, सिलिकॉन ऑइलची एकच्या आसपास. म्हणजे १०० ग्रॅम पावडर जेमतेम १३ मिलिलिटर जागा घेते आणि आकारमानाने लोखंड भरतं फक्त १० ते ११ टक्के. हवं असतं साधारण २० ते ४०. ३० टक्क्यांचं १०० मिलिलिटर फ्लुइड करायचं तर पावडर २३६ ग्रॅम आणि तेल ७० मिलिलिटर घ्या.

पावडर कार्बोनिल आयर्नचीच (रासायनिक प्रक्रियेने बनवलेल्या शुद्ध लोखंडाची) घ्या. तिचे कण गोल, १ ते १० मायक्रॉनचे असतात. लेथखालचा चुरा फुकट मिळतो खरा, पण त्याचे कण जाड आणि धारदार. ते लगेच तळाशी बसतात आणि सिलिंडर, सील दोन्ही खरवडतात. फेरोफ्लुइड, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकीय कणांचा द्रव, आणून ओतणं हीसुद्धा चूकच. त्यातले कण जवळपास १० नॅनोमीटरचे, म्हणून ते चुंबकाकडे ओढलं जातं, पण डँपरला लागणारा घट्टपणा देत नाही.

सगळ्यात जास्त छळतो तो गाळ. लोखंड तेलात खाली बसणारच, ते पूर्ण थांबवायच्या मागे लागू नका. बसलेला गाळ मऊ आहे का, हे महत्त्वाचं. त्यासाठी कण एकमेकांना चिकटू न देणारं ओलेइक अॅसिड आधी तेलात मिसळा, मग पावडर थोडी थोडी घालत ढवळा. कोरड्या पावडरीवर एकदम तेल ओतलं की गुठळ्या होतात. नंतर दाटपणासाठी थोडं लिथियम ग्रीस किंवा फ्यूम्ड सिलिका (सिलिकाची अतिबारीक पावडर) घाला. हात मात्र आखडता ठेवा, नाहीतर चुंबक नसतानाही फ्लुइड लापशीसारखं राहतं. दोन आठवडे बाटली न हलवता ठेवा आणि काचेची कांडी तळाशी घाला. सहज रुतली तर ठीक. टणक थर लागला तर ते फ्लुइड डँपरमध्ये भरू नका.

सील तेल पाहून निवडा. सिलिकॉन रबर सिलिकॉन ऑइलमध्ये फुगतं, ईपीडीएम रबर खनिज तेलात. खनिज तेलाला नायट्राइल रबर चालतं.

आणि मास्क लावा. ही पावडर श्वासात जाण्याइतकी बारीक असते, हवेत उडाली तर ठिणगीने पेटूही शकते.