थ्रीडीचं तिकीट काढताय? आधी हे बघा

जास्तीचे पैसे देऊन थ्रीडीला जायच्या आधी दोन मिनिटं गूगल करा, की पिक्चर खरंच दोन लेन्सच्या कॅमेऱ्याने शूट झालाय की साधा शूट करून नंतर थ्रीडीत कन्व्हर्ट केलाय. 'अवतार' आणि 'ह्युगो' पहिल्या प्रकारातले. पण कन्व्हर्टेड म्हणजे भंगारच असं अजिबात नाही हां, खरा प्रश्न वेळ किती दिला हाच असतो, 'क्लॅश ऑफ द टायटन्स' २०१० मध्ये जेमतेम दहा आठवड्यांत उरकला आणि लोकांनी धू धू धुतला, उलट 'टायटॅनिक'च्या कन्व्हर्जनला तब्बल ६० आठवडे दिले आणि ते मस्त झालं. 'ग्रॅव्हिटी'चाही बराच भाग कन्व्हर्टेडच आहे, बघताना पत्तासुद्धा लागत नाही!

घाईचं काम ओळखायचं असेल तर हिरोच्या केसांच्या कडा, काच, धूर, पाऊस इकडे नजर ठेवा, कारण तिथे प्रत्येक फ्रेममध्ये कडा कापून मागची रिकामी जागा नव्याने भरावी लागते, ते नीट नसलं की माणसं पुठ्ठ्याच्या कटआउटसारखी चपटी दिसतात. तसं वाटलं तर सरळ टूडीचा शो पकडा.