मुलांच्या आठवणीतलं सोलापूर चित्रात कसं आणावं

फळ्यावर ‘माझे गाव’ असा विषय लिहिला की वर्गातल्या निम्म्या कागदांवर सिद्धेश्वर मंदिर, तळं आणि मागे उगवता सूर्य येतो. बाईंना हेच हवंय असं मुलं धरूनच चालतात. त्यामुळे आधी विषय देण्याची रीत बदलावी लागते. पाचवी ते आठवीच्या वर्गाला हा उपक्रम झेपतो. दर वेळी दोन तासिका जोडून घ्या आणि तीनदा बसा.

जागा लहान करा. ‘गड्ड्याची यात्रा’, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, हा विषय फार मोठा आहे. तू नेमका कुठे उभा होतास? बाबांच्या खांद्यावर, की खाली गर्दीत? मिरवणुकीतला उंच नंदीध्वज दिसला, की नुसत्या पाठी? पाठीच दिसल्या असतील तर पाठीच काढायच्या. एखाद्याने चार हुतात्मा पुतळे निवडले तर स्वातंत्र्यलढ्यातल्या या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली हे जरूर सांगा. पण चित्र त्याच्या आठवणीचं हवं, मग ते आजोबांचं बोट धरून रस्ता ओलांडण्याचं का असेना.

पेन्सिल उचलण्याआधी बोलू द्या. जोड्या करा आणि दहा मिनिटं द्या. पायाखाली काय होतं? वास कसला होता? कोण हाक मारत होतं? विणकरांच्या पूर्व भागातल्या मुलांकडून मागाची खटखट येईल, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आई येईल. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्यांना त्याच भाषेत सांगू द्या, शेजारचा बरोबर समजून घेतो.

‘तुझी सगळ्यात आनंदाची आठवण सांग’ असं मात्र विचारू नका. कुणाचं घर सुटलेलं असतं, कुणाचं माणूस गेलेलं असतं. ‘जिथे पुन्हा जावंसं वाटतं अशी जागा’ एवढं पुरे. एखाद्याला सांगायचं नसेल तर त्याने न सांगता काढावं.

मग नकाशा. घरापासून त्या जागेपर्यंतची वाट आठवणीतून काढायची, मोबाईल बघायचा नाही. अंगावर येणारं कुत्रं बसतं ती गल्ली लांबलचक होते आणि सात रस्त्याचा मोठा चौक चिमूटभर उरतो. ते दुरुस्त करू नका.

आता चादर विणायची, कागदावर. आपल्या गावात हे करण्यात खरी गंमत आहे. नक्षीदार कापड विणणाऱ्या जकार्ड मागावर नक्षी चढण्याआधी ती चौकटीच्या कागदावर उतरवायची जुनी पद्धत आहे. त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, आणि भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. हल्ली यातलं बरंचसं संगणकावर होतं, तरी कुणाच्या घरी जुना पुठ्ठा असेल तर वर्गात मागवा. भोकांतून उजेडाकडे बघितलं की मुलांना चटकन कळतं.

गणिताची चौकटीची वही घ्या आणि दोनच रंग ठरवा. चौकट एक तर पूर्ण भरायची, नाही तर कोरी ठेवायची, अर्धी चालणार नाही. गोल रेष पायऱ्यांची होते, म्हणून चेहऱ्याच्या नादी लागू नका. त्या जागेची एक वस्तू घ्या: पानाचा डबा, सायकल, जाळीची खिडकी. ती मधोमध बसवा. काठासाठी सहा बाय सहा चौकटींत छोटा ठसा काढून तोच ओळीने फिरवा. एका बाजूचा काठ झाला की कागद दुमडून, खिडकीच्या काचेवर धरून दुसरी बाजू छापून घेता येते. चुकीची चौकट खोडत बसू नका, ती पुढच्या रांगेत सामावून घ्यायला सांगा. मुलं इथे तासभर मान वर करत नाहीत.

वेळ उरला तर शिंप्याकडच्या चिंध्या फेविकॉलने काठावर चिकटवा. नाही जमलं तरी बिघडत नाही.

शेवटी मांडणी. सगळे कागद कडेला कडा लावून मागून चिकटपट्टीने जोडा आणि ती चादर व्हरांड्यात दोरीला चिमट्यांनी टांगा. प्रत्येक कागदाखाली दोन ओळी मुलाच्या शब्दांत असू द्या, नाव लावायचं की नाही हे त्यालाच विचारा. पालकसभेच्या दिवशीच लावलीत तर आजी-आजोबांनाही बोलवा. गुण द्यायचेच असतील तर ते आधी, वहीत द्या, चादरीवर लाल पेन नको.