मॅन्युअल मोडमध्ये एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन कसं द्यायचं?

मोड डायल एम वर आणली, ± चं बटण दाबून कॉम्पेन्सेशन +१ केलं, फोटो काढला. फोटो होता तेवढाच काळपट. मग +२ केलं, तरी फरक नाही. इथे बरेच जण कॅमेरा बिघडला असं समजतात किंवा वैतागून पुन्हा ऑटोवर जातात. कॅमेरा धडधाकट असतो. कॉम्पेन्सेशन ही कॅमेऱ्याला दिलेली सूचना आहे: ‘तू जे ठरवशील त्याहून एवढं उजळ ठेव’ किंवा ‘एवढं गडद ठेव’. पण अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं; एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं), शटर स्पीड (किती सेकंद प्रकाश आत येतो) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) तिन्ही तुम्हीच ठरवून टाकलं असेल, तर कॅमेऱ्याच्या हातात बदलायला उरतं काय?

म्हणून मॅन्युअलमध्ये दोन वाटा आहेत. आयएसओ ठरावीक ठेवला असेल तर कॉम्पेन्सेशन तुम्ही स्वतः, मीटर (कॅमेऱ्यातला प्रकाशमापक) बघून द्यायचं. आयएसओ ऑटोवर असेल तर कॅमेरा ते देऊ शकतो. आपण कुठल्या वाटेवर आहोत हे आधी स्क्रीनवर बघून घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मीटर कुठे फसतो

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परतून आलेला प्रकाश मोजतो. समोर सावलीतला पांढरा कागद आहे की उन्हातलं काळं कापड, हे त्याला मुळात कळत नाही. तो गृहीत धरतो की समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. त्यामुळे फ्रेमभर बर्फ असला तरी तो राखाडी करतो आणि फ्रेमभर कोळसा असला तरी राखाडीच. आजकालचे मीटर फ्रेमचे अनेक भाग करून बरंच हुशारीने मोजतात (निकॉनच्या एफए कॅमेऱ्यात ही पद्धत १९८३ मध्ये आली), तरी मूळची ही खोड पूर्ण गेलेली नाही.

नियम नवख्याला उलटा वाटतो: पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस. पांढरं आधीच उजळ आहे, मग आणखी उजळ कशाला, असं मन म्हणतं. पण मीटरने ते आधी राखाडी करून ठेवलंय, आपण फक्त त्याला त्याच्या जागी परत नेतोय.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेली झोन सिस्टीम इथे फार उपयोगी पडते. शून्य ते दहा असे अकरा झोन, शून्य म्हणजे ठार काळं, दहा म्हणजे कोरं पांढरं, आणि दोन झोनमध्ये एका स्टॉपचं अंतर, म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. मीटरचा राखाडी म्हणजे पाचवा झोन. मीटरचा काटा +१ वर ठेवणं म्हणजे मोजलेली वस्तू सहाव्या झोनमध्ये नेऊन बसवणं. असा विचार करायची सवय लागली की ± चं बटण नसलं तरी अडत नाही.

पहिली वाट: आयएसओ ठरावीक

१. मोड एम, आयएसओ प्रकाशाप्रमाणे एका आकड्यावर. समजा २००.

२. अ‍ॅपर्चर ठरवा. समजा एफ/८.

३. व्ह्यूफाइंडरमध्ये किंवा स्क्रीनखाली जी पट्टी दिसते, मधे शून्य आणि दोन्हीकडे आकडे, तो तुमचा मीटर. मुख्य विषयाकडे कॅमेरा धरून, तिचा काटा शून्यावर येईपर्यंत शटर स्पीड बदला. समजा १/५०० वर शून्य आलं.

४. आता खरं काम. स्वतःला विचारा, मी ज्यावर मीटर धरलाय ते मध्यम राखाडीपेक्षा उजळ आहे की गडद, आणि किती? हिरवं गवत, उन्हाने रापलेली माती हे साधारण मध्यमच, तिथे शून्य चालतं. फ्रेम बर्फाने किंवा पांढऱ्या भिंतीने भरली असेल तर +१ ते +२. काळं कुत्रं फ्रेमभर असेल तर -१ ते -२. हे आकडे सुरुवात करण्यापुरते. फोटो बघून पुढे-मागे करायचेच.

५. समजा +१ हवंय. १/५०० चं १/२५० करा, किंवा एफ/८ चं एफ/५.६ करा, किंवा आयएसओ २०० चा ४०० करा. तिन्हींचा परिणाम एकच, फोटो एक स्टॉप उजळ. बहुतेक कॅमेऱ्यांत डायलचा एक टप्पा एक तृतीयांश स्टॉपचा असतो, म्हणून एका स्टॉपला तीन टप्पे: १/५००, १/४००, १/३२०, १/२५०. तीन टिकटिक मोजायची, आकडे पाठ करायची गरज नाही. काटा आता +१ वर दिसेल. त्याला तिथेच राहू द्या.

शेवटचं वाक्य सांगायला सोपं आणि पाळायला अवघड. मॅन्युअल शिकणारे बहुतेक जण काटा शून्यावर आणण्याच्या इतके मागे लागतात की मोड मॅन्युअल असला तरी निर्णय मीटरचाच राहतो. माझंही पहिले कित्येक महिने हेच चाललं होतं, बोटं आपोआप काटा मधे ओढायची. शून्य ही मोजणीची खूण आहे, तिथे पोचलंच पाहिजे असं काही नाही.

तिन्हींपैकी काय बदलायचं? विषय हलत नसेल आणि कॅमेरा तिपाईवर असेल तर शटर. मागची धूसरता जशीच्या तशी हवी असेल तर अ‍ॅपर्चरला हात लावू नका. पळणारा प्राणी, खेळाडू असेल तर शटर राखा आणि आयएसओ वाढवा. थोडे दाणे आलेला फोटो वापरता येतो, हललेला टाकून द्यावा लागतो.

दुसरी वाट: आयएसओ ऑटो

इथे शटर आणि अ‍ॅपर्चर तुमचं, आयएसओ कॅमेऱ्याचा. आता कॅमेऱ्याला ठरवायला काहीतरी आहे, म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत कॉम्पेन्सेशनही चालतं. पेन्टॅक्सने २००६ मध्ये के१०डी मध्ये याला टीएव्ही असा वेगळा मोडच दिला. बाकीच्यांकडे एम अधिक ऑटो आयएसओ म्हणजे तेच.

आयएसओ ऑटोवर टाका, कमाल मर्यादा ठरवून द्या, शटर आणि अ‍ॅपर्चर लावा आणि ± फिरवा. +१ केलं की आयएसओ दुप्पट व्हायला हवा, ८०० चा १६००. आकडा हलताना दिसला म्हणजे काम होतंय.

आकडा हलत नसेल तर तो टोकाला टेकलेला असतो. भर उन्हात एफ/२.८ आणि १/२५० लावलं तर आयएसओ खाली १०० ला जाऊन थांबतो आणि तरीही प्रकाश जास्तच राहतो. मग कितीही मायनस द्या, फोटोतले उजळ भाग कोरे पांढरे होणारच, कारण कॅमेऱ्याकडे उतरायला जागा नाही. शटर स्पीड वाढवा किंवा अ‍ॅपर्चर लहान करा. अंधारात याच्या उलट: कमाल मर्यादा गाठली की प्लस निरुपयोगी.

एकच बगळा, दोन चिन्हं

पांढऱ्याला प्लस हा नियम आंधळेपणाने वापरला की कसा उलटतो, ते बगळ्यावर छान कळतं. बगळा जवळ आहे, जवळजवळ सगळी फ्रेम त्याचीच. मीटर त्याला राखाडी करायला निघतो, म्हणून +१. तोच बगळा लांब, गडद पाण्यावर, फ्रेममध्ये चिमूटभर. आता मीटरला दिसतं ते काळं पाणी. ते उजळून राखाडी करण्याच्या नादात बगळ्याची पिसं कोरी पांढरी होतात. इथे -१ किंवा त्याहून जास्त मायनस. पक्षी पांढराच आहे, पण मीटर पक्ष्याला मोजतच नव्हता. काळ्या पडद्यापुढे उजेडात उभ्या असलेल्या गायकाचंही हेच.

आता बगळा उडाला. पाण्यावरून झाडांपुढे, झाडांपुढून पांढुरक्या आकाशात. ऑटो आयएसओवर असाल तर दर क्षणाला मीटर नवं काही सांगणार आणि तुम्ही ± फिरवत मागे धावणार. पण बगळ्यावर पडणारं ऊन या सगळ्यात बदललेलंच नाही. अशा वेळी मी आयएसओ ठरावीकच ठेवतो: पक्षी उडायच्या आधी दोन फोटो काढून पिसांचा तपशील टिकतो एवढं एक्स्पोजर लावायचं, आणि मग मागे काहीही असो, डायलला हात लावायचा नाही. याउलट ढग ये-जा करत असतील, विषय सावलीतून उन्हात धावत असेल, तर ऑटो आयएसओ आणि कॉम्पेन्सेशन बरं. प्रकाश बदलतोय की नुसती पार्श्वभूमी, एवढं पाहिलं की कुठली वाट घ्यायची ते ठरतं.

कॅमेऱ्यागणिक खोडी

निकॉनमध्ये आयएसओ ठरावीक असताना एम वर ± फिरवलं तर एक्स्पोजर बदलत नाही, पण मीटरचा काटा सरकतो. +१ ठेवून तुम्ही काटा शून्यावर आणलात तर फोटो प्रत्यक्षात एक स्टॉप उजळ येतो. हे माहीत असेल तर सोय, विसरलात तर घात. सोनी आणि फुजीफिल्ममध्ये एम वर कॉम्पेन्सेशन आयएसओ ऑटो असेल तरच चालतं. कॅननच्या बऱ्याच जुन्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) एम वर ऑटो आयएसओ असतानाही ते देता येत नाही, आर मालिकेतल्या मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या) येतं.

नवशिक्यांसाठीच्या, एकच डायल असलेल्या निकॉन आणि कॅनन डीएसएलआरमध्ये तर गंमतच आहे. एम वर ± चं बटण दाबून डायल फिरवलं की कॉम्पेन्सेशन राहतं बाजूला, अ‍ॅपर्चर बदलतं, कारण दुसरं डायल नसल्याने तेच काम त्या बटणाला दिलेलं असतं. शिवाय काही जुन्या निकॉनमध्ये पट्टीची प्लस बाजू डावीकडे असते. काट्याची दिशा गृहीत न धरता चिन्ह वाचा.

फोटो तपासताना

स्क्रीनच्या उजळपणावर विश्वास ठेवू नका. अंधारात कमी एक्स्पोजरचा फोटोही स्क्रीनवर झगझगीत दिसतो आणि उन्हात चांगला फोटोही मळकट. हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत गडद ते उजळ भाग किती आहेत ते डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख. तो उजव्या कडेला आपटून उभा राहिला असेल तर उजळ भागातला तपशील गेला. लुकलुकणारी हायलाइटची सूचना चालू ठेवा. दिव्याची ज्योत लुकलुकली तर हरकत नाही, चेहरा किंवा बगळ्याची पाठ लुकलुकली तर दोन-तीन टप्पे खाली या. मिररलेसमध्ये सेटिंग बदलूनही स्क्रीन तशीच दिसत असेल, तर एक्स्पोजरचा परिणाम थेट दाखवणारा पर्याय मेनूत बंद आहे का ते पाहा. फ्लॅश लावून काम करणारे तो मुद्दाम बंद ठेवतात आणि नंतर चालू करायला विसरतात.

काम संपलं की ± शून्यावर आणा. बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद करून चालू केला तरी ते आपोआप पुसलं जात नाही. एकदा मी संध्याकाळचं +१.३ तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी भर उन्हात अख्खी सकाळ फोटो काढले. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) होते म्हणून थोडेफार वाचले. तेव्हापासून कॅमेरा पिशवीत घालायच्या आधी अंगठा त्या डायलवरून एकदा फिरतोच.