जुनं वेल्डिंग मशीन घेताय? आधी घरची लाइन बघा, मग मशीन

फॅब्रिकेशनवाल्यांकडे इन्व्हर्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डवर चालणारी वेल्डिंग मशीन आल्यापासून जुने ट्रान्सफॉर्मर सेट दुकानाच्या कोपऱ्यात पडून आहेत. या सेटमध्ये असतं काय? लोखंडी गाभा, दोन वाइंडिंग आणि करंट कमी-जास्त करायचं हँडल. जळायला आत कार्डच नसतं. बिघडला तरी मोटार रिवाइंडिंगवाला तो पुन्हा उभा करतो. शेतीची अवजारं, गेट, जाड अँगल अशी कामं घरच्या घरी करायची असतील तर मी आजही असाच सेट घ्यायला सांगेन. फक्त 18 गेजचे चौकोनी पाइप जोडायचे असतील तर मात्र छोटा इन्व्हर्टर घ्या. जुन्या सेटवर नवख्या हाताने पातळ पाइपला भोकंच पडतात.

1. सुरुवात मीटरपासून

बहुतेकांची फसगत इथेच होते. मशीन स्वस्तात मिळतं, टेम्पोतून घरी येतं आणि पहिल्याच रॉडला घराची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडते.

हिशोब सोपा आहे. रॉड टेकलेला नसताना मशीनच्या दोन टोकांमध्ये साधारण 80 व्होल्ट असतात. 100 अँपिअरवर वेल्डिंग करायचं तर 80 गुणिले 100 भागिले 230, म्हणजे 230 व्होल्टच्या लाइनवरून सुमारे 35 अँपिअर लागतात. तेच मशीन 415 व्होल्टवर, म्हणजे दोन फेजवर चालणारं असेल तर 19 अँपिअरच्या आसपास लागतात. घरातला मोठा प्लग 16 अँपिअरचा असतो, म्हणजे प्लगवर हे काम होणार नाही. वीजबिलावरचा मंजूर भार बघा आणि कमी असेल तर वाढवून घ्या.

गावाकडे शेतीपंपाची थ्री फेज लाइन हाताशी असते, पण ती पंपासाठी मंजूर असते. तिच्यावर दुसरं काम चालवणं हा वीज कायदा 2003च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. आकडा टाकणं तर सरळ चोरी आणि जिवाशी खेळ.

2. मशीन कुठे शोधायचं

बंद होणारं किंवा इन्व्हर्टरवर गेलेलं वर्कशॉप ही सगळ्यात चांगली जागा. तिथे लाइन असते, त्यामुळे मशीन चालवून बघता येतं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडेही सेट मिळतात, पण तिथे चालवून बघायची सोय क्वचितच असते. भंगारवाला तांब्याच्या वजनावर भाव लावतो. चालवून न बघता घेणार असाल तर तुम्हीही त्याच भावाने मोजा, चालू मशीनचे पैसे देऊ नका.

3. तपासणी

आधी नेमप्लेट वाचा. व्होल्ट, फेज, जास्तीत जास्त करंट आणि ड्यूटी सायकल एवढं कळलं पाहिजे. 60 टक्के म्हणजे त्या करंटला दर दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती. प्लेटच नसेल तर व्होल्टेज विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर धरू नका.

मग मेन बंद करून झाकण उघडायला लावा. वाइंडिंग तांब्याचं की अॅल्युमिनियमचं, हे बाहेरच्या बोल्टवरून ठरत नाही, कारण अॅल्युमिनियमच्या वाइंडिंगलाही पितळी बोल्ट लावतात. ऑइल कूल्ड, म्हणजे तेलाने थंड होणाऱ्या सेटमध्ये तेल बघा. काळं पडलेलं, जळकट वासाचं किंवा तळाशी पाणी साचलेलं तेल म्हणजे आतलं इन्सुलेशन धोक्यात. जुन्या तेलात काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून हातमोजे घालूनच हाताळा आणि ते जमिनीवर किंवा गटारात ओतू नका.

यापुढची चाचणी टाळू नका. रिवाइंडिंगवाल्याला 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) घेऊन सोबत न्या. मशीनला कपॅसिटर असेल तर तो आधी त्याच्याकडून डिस्चार्ज करून घ्या. प्रायमरी (लाइनकडचं वाइंडिंग) ते बॉडी, सेकंडरी (रॉडकडचं वाइंडिंग) ते बॉडी आणि प्रायमरी ते सेकंडरी अशी तीन रीडिंग घ्यायची. एकही 1 मेगाओमच्या खाली आलं तर मशीन कितीही स्वस्त असो, सोडून द्या. शेवटचं रीडिंग सगळ्यात महत्त्वाचं. ही दोन वाइंडिंग आतून एकमेकांना लागली असतील तर लाइनचा पूर्ण दाब तुमच्या हातातल्या होल्डरवर, म्हणजे रॉड पकडायच्या चिमट्यावर येतो. साध्या मल्टिमीटरने हा दोष सुटून जातो.

मेगर पास झाला की मशीन चालू करा. हलका घुंकार येणारच. पत्रे खडखडत असतील तर गाभ्याच्या पट्ट्या सैल झाल्या आहेत. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा आणि जाड प्लेटवर दहा नंबरचा (3.15 मिलिमीटर) एक रॉड शेवटपर्यंत जाळा. लगेच मेन बंद करून केबलच्या जोडांजवळ हात न्या. कुठे चटका बसण्याइतकी धग असेल तर तो जोड सैल आहे. हे दुरुस्त होतं, पण भाव करताना उपयोगी पडतं.

जुना होल्डर आणि केबल मात्र मशीनबरोबर वापरायला घेऊ नका. चिरलेला होल्डर म्हणजे उघडी वायर. 25 ते 35 चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल, नवा होल्डर आणि पक्का क्लॅम्प घ्या.

4. घरी जोडणी

परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून स्वतंत्र लाइन, मेन स्विच आणि एमसीबी बसवून घ्या. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर बराच जास्त करंट ओढतो, म्हणून एमसीबी डी प्रकारची लागते.

जॉबला, म्हणजे वेल्डिंग करायच्या लोखंडाला, क्लॅम्पने लावतो ती केबल आणि मशीनच्या बॉडीचं अर्थिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉडीपासून अर्थ पिटापर्यंत वेगळी वायर गेलीच पाहिजे. आणखी एक: घरात आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे म्हणून होल्डरच्या बाजूला निर्धास्त राहू नका. सेकंडरी वाइंडिंग लाइनपासून वेगळं असतं, त्यामुळे तिथे शॉक बसला तरी आरसीसीबी पडणार नाही. घामाने भिजलेल्या हाताला 80 व्होल्ट एसी जिवावर बेततो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर काम नको. कोरडी लाकडी फळी पायाखाली घ्या.

5. डोळे, कपडे, जागा

10 किंवा 11 नंबरची काच असलेला पूर्ण चेहऱ्याचा हेल्मेट, कातडी हातमोजे, सुती पूर्ण बाह्या, बूट. काळा गॉगल लावून किंवा मान वळवून वेल्डिंग करणारे रोज दिसतात, त्यांचं बघून शिकू नका. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारा विजेचा लखलखाट, लागलेले डोळे काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री, वाळू गेल्यासारखे खुपू लागतात. तेव्हा बटाट्याचे काप ठेवत बसण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. शेजारची मुलं बघायला जमतातच, त्यासाठी आडोसा लावा.

जीआय पाइपचा जस्ताचा थर आधी घासून काढा, त्याचा धूर ताप आणतो. पेट्रोल-डिझेलच्या रिकाम्या ड्रमला कधीही रॉड लावू नका.

6. पहिली ओळ

जुन्या एसी सेटसाठी 6013 जातीचा रॉड घ्या. बारा नंबर म्हणजे 2.5 मिलिमीटर, त्याला 60 ते 90 अँपिअर. दहा नंबर म्हणजे 3.15 मिलिमीटर, त्याला 90 ते 130. सरावाला 6 मिलिमीटरची पट्टी आणि दहा नंबर घ्या. क्लॅम्प लावायची जागा ग्राइंडरने चकचकीत करा, गंजावर करंट नीट जात नाही.

रॉडचं टोक पट्टीवर घासून किंचित उचला. आर्क लागला की रॉडच्या जाडीएवढंच अंतर ठेवा. रॉड जळत आखूड होतो, म्हणून हात सतत खाली येत राहिला पाहिजे. नवख्याचा हात नेमका इथेच थांबतो, आर्क लांबतो आणि शिंतोडे उडतात. रॉड पुढच्या दिशेला थोडा कललेला ठेवा आणि नजर झगमगाटावर न ठेवता त्याच्या मागच्या वितळलेल्या डबक्यावर ठेवा. डबक्याची रुंदी सारखी राहील त्या वेगाने पुढे सरका.

रॉड चिकटला तर मनगटाला झटका द्या. नाही सुटला तर होल्डर दाबून रॉड सोडा, हेल्मेट तोंडावरच राहू द्या. सारखा चिकटत असेल तर करंट थोडा वाढवा. कडेला खाच पडत असेल तर कमी करा. स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमलेली खपली, निवल्यावर चष्मा लावूनच हातोडीने काढा. खाली काळे खड्डे दिसले तर तेवढा भाग घासून पुन्हा भरा, वरून नुसता थर चढवू नका.

कोकणात पावसाळ्यात रॉड हवेतला ओलावा धरतात आणि वेल्डला छिद्रं पडतात. पाकीट फोडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा. ओले झाले असतील तर 100 अंशांच्या आसपास तासभर तापवून घ्या.

सुरुवातीला कुंड्यांचा स्टँड, कामाचं टेबल अशी कामं घ्या. जिन्याचं रेलिंग, शिडी आणि ट्रॉलीचा हूक अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्या.