जॅमिंगपुढे टिकणारा चार घटकांचा जीपीएस अँटेना: बांधणी आणि चाचणी

निपाणी-चिकोडीकडे उसावर फवारणी करणारा ड्रोन असो किंवा खानापूरच्या डोंगरातली जमीनमोजणी, जीपीएसवरच्या कामाचा सारा भार एका अत्यंत क्षीण लहरीवर असतो. 1575.42 मेगाहर्ट्झची ही लहर जमिनीवर पोहोचते तेव्हा तिची शक्ती रिसिव्हरच्या औष्णिक (उष्णतेमुळे आपोआप उठणाऱ्या) गोंगाटाच्याही सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतकीच असते. त्यामुळे हातात मावणारा जॅमर, म्हणजे त्याच वारंवारतेवर मुद्दाम गोंगाट सोडणारे यंत्रसुद्धा, तिला सहज बुडवतो. यावर उपाय म्हणून अनेक घटकांचा (छोट्या अँटेनांचा) संच वापरतात. प्रत्येक घटकाच्या लहरीची फेज (चढ-उताराची वेळ) आणि पातळी बदलून त्या अशा मिसळायच्या, की जॅमरकडून आलेल्या लहरी एकमेकींना खोडून काढतील आणि संच त्या दिशेला बहिरा होईल. चार घटकांतून अशा जास्तीत जास्त तीन बहिऱ्या दिशा मिळतात. बेळगावच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी हा संच उभारताना या मिसळणीच्या गणिताआधी पत्रा, केबल आणि फिल्टर यांकडे लक्ष द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लहरीची लांबी 19 सेंमी असल्याने घटकांच्या मध्यबिंदूंत 9.5 सेंमी अंतर ठेवून चौरस आखावा. उद्यमबागेतल्या मशिन शॉपमधून ॲल्युमिनियमची प्लेट करून घेताना चारही छिद्रे एकाच सेटिंगमध्ये पाडून घ्यावीत. अंतर कमी केल्यास संच आटोपशीर होतो खरा, पण शेजारचे घटक एकमेकांची शक्ती ओढतात आणि बहिरी दिशा इतकी रुंदावते की त्या बाजूचे उपग्रहही हातचे जातात. घटक म्हणून वापरायचा बाजारातला 25 मिमीचा सिरॅमिक पॅच (चपटा अँटेना) ठरावीक मापाच्या पत्र्यावर ट्यून केलेला असतो. मोठ्या प्लेटवर, तीन शेजाऱ्यांसह बसल्यावर त्याची वारंवारता सरकते. म्हणून चारही पॅच बसवल्यानंतरच, ज्याची मोजणी चालू आहे तो सोडून बाकीच्यांना 50 ओहमचा लोड लावून, प्रत्येक पॅच नेटवर्क ॲनालायझरवर (अँटेना कोणत्या वारंवारतेला जुळतो ते दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासावा.

पुढचे चारही रिसिव्हर एकाच घड्याळावर चालले पाहिजेत, नाहीतर त्यांच्यातील फेज सतत घसरत राहते. केबलच्या लांबीतला स्थिर फरक गणित सामावून घेते, मात्र चार फिल्टरांचा प्रतिसाद वारंवारतेच्या पट्ट्याच्या कडांपाशी जुळत नसेल तर तो दोष एका गुणकाने दुरुस्त होत नाही. फेजमधल्या अवघ्या एका अंशाच्या विसंगतीमुळेही जॅमर सुमारे 35 डेसिबलपलीकडे दबत नाही, आणि मग प्रत्येक वाहिनीत (एका घटकाच्या लहरीच्या वाटेत) विलंबाचे टप्पे वाढवावे लागतात. जॅमर गोंगाटापेक्षा 60 डेसिबल वर असेल, तर साध्या रिसिव्हरचा दोन बिटांचा डिजिटल परिवर्तक निरुपयोगी ठरतो. दर बिटामागे सुमारे सहा डेसिबल धरून 12 ते 14 बिटांचा परिवर्तक घ्यावा. पहिला ॲम्प्लिफायरही तेवढ्या माऱ्याने संपृक्त होणार नाही असा निवडावा, कारण तिथे विकृत झालेली लहर पुढे कोणतेही गणित सावरू शकत नाही.

चाचणीसाठी गच्चीवर जॅमर लावू नये. विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे, आणि त्याने शेजारच्यांचेही जीपीएस बंद पडते. सिग्नल जनरेटरची लहर स्प्लिटरने चार वाटांत विभागून केबलमधूनच प्रत्येक वाहिनीत सोडावी. क्षितिजावरून, चौरसाच्या एका बाजूला समांतर येणारा जॅमर भासवायचा असेल, तर टेफ्लॉनच्या केबलमध्ये लहरीचा वेग प्रकाशाच्या सुमारे 70 टक्के धरून दोन केबली इतर दोहोंपेक्षा 67 मिमी लांब कापाव्यात. त्यामुळे फेजमध्ये 180 अंशांचा फरक पडतो. आता गणित चालू करून जॅमर किती डेसिबलने दबतो ते नोंदवावे.

केबलमधली ही चाचणी पॅचपर्यंत पोहोचत नाही, म्हणून झाकण बसवलेला संच पावसाळ्यात एकदा उघड्यावर ठेवून पाहावा. झाकणावर साचलेला पाण्याचा पातळ थरही पॅचची वारंवारता खाली ओढतो. झाकण उतरते ठेवावे, पॅच आणि झाकण यांत काही मिलिमीटर पोकळी सोडावी आणि कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी आत न शिरता बाहेरून ओघळून जाते.