आजी गेल्यावर नातवंडांसाठी पुस्तक लिहिताना

4 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी 24 पानं पुरतात. पिन मारून बांधायचं तर पानं 4 च्या पटीत हवीत, नाहीतर शेवटी कोरी उरतात. शीर्षक, अर्पणपत्रिका वगैरे 4 पानं सोडून 10 जोडपानं (समोरासमोरची दोन-दोन पानं) उरतात. प्रत्येकावर तीसेक शब्द, बाकी चित्र.

‘आजी झोपली’ असं अजिबात लिहू नका, मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. ‘देवाला आवडली म्हणून नेलं’ हेही नको; मग आईसुद्धा आवडली तर? सरळ लिहा: ‘आजी वारली. तिचं शरीर थांबलं. आता तिला दुखत नाही.’

श्रद्धा उपदेशातून नको, कृतीतून येऊ द्या. रामकुंडात अस्थी सोडणारा बाबांचा हात, गोदावरीचं पाणी, घरी तेवणारा दिवा. दहाव्याचं पान जपून लिहा. कावळा पिंडाला शिवला नाही तर ‘आजी रागावली’ असं मुलाला वाटतं. अशा वेळी दर्भाचा (पवित्र गवताचा) कावळा करून तो पिंडाला लावतात, तेही त्याच पानावर दाखवा.

आत्म्याबद्दल ‘आपल्या घरी असं मानतात’ एवढंच म्हणा. मुलाला प्रश्न विचारायला जागा राहते. कच्चा खर्डा आधी मोठ्यांना मोठ्याने वाचून दाखवा; आवाज जिथे अडखळेल, तिथलं वाक्य बहुधा लांब असतं.